जैतुनाएवढी भाकर : वल्हांडणाच्या रात्रीचे एक माप



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना कदाचित नवल वाटले असेल. वल्हांडणाच्या रात्री यहुदी माणसाने बेखमीर भाकर किती खावी, एवढाच हा प्रश्न आहे. एका सणाच्या एका जेवणातील एका पदार्थाचे हे प्रमाण. परंतु या लहानशा प्रश्नावर सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांनी विचार केला आहे, आणि त्या विचारात भूमिती, वनस्पतिशास्त्र, शरीराची मोजमापे, दुर्बळांविषयीची कणव आणि परंपरेविषयीचा आदर या सर्वांची गुंतागुंत झाली आहे. एखादा समाज आपले धर्मशास्त्र कसे चालवितो, हे त्याच्या मोठ्या सिद्धांतांपेक्षा अशा लहान प्रश्नांतून अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम मूळ आज्ञा पाहू. इस्राएल लोक मिसर देशातील दास्यातून मुक्त झाले, तेव्हा पिठात खमीर चढण्याइतकीही सवड त्यांना मिळाली नाही, अशी तोरामधील कथा आहे. तिच्या स्मरणार्थ वल्हांडणाचे सात दिवस घरात खमीर ठेवावयाचे नाही आणि बेखमीर भाकर खावयाची, असा निर्गमाच्या पुस्तकात आदेश आहे. या भाकरीला हिब्रूत ‘मात्झा’ म्हणतात. अनुवादाच्या पुस्तकात तिला दुःखाची भाकर असेही म्हटले आहे. म्हणजे ती एकाच वेळी दास्याची आणि मुक्तीचीही खूण आहे.

ही भाकर गहू, जव आणि त्यांच्या वर्गातील आणखी तीन अशा पाच धान्यांपैकीच एखाद्या धान्याची असली पाहिजे. तांदळाची किंवा बाजरीची चालत नाही, कारण जे धान्य खमिरावर जाऊ शकते त्याचीच बेखमीर भाकर होऊ शकते, असे तल्मूदातील पंडितांचे म्हणणे. पीठ भिजवून ते हाताखालून बाजूला ठेवले, तर अठरा मिनिटांत त्याला खमीर लागले असे शास्त्र मानते. म्हणून मळणे, लाटणे आणि भाजणे ही सर्व कामे त्याआधी उरकण्याची धडपड असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. खमीर वर्ज्य करणे हे सातही दिवस बंधनकारक आहे. परंतु मात्झा खाण्याचे कर्तव्य मात्र केवळ पहिल्या रात्रीचे आहे. उरलेल्या दिवसांत माणसाने भाजी, फळे, मांस यांवर निर्वाह केला तरी तो दोषी ठरत नाही. इस्राएलच्या भूमीबाहेर सणाचा आरंभ दोन दिवस पाळण्याची प्रथा असल्याने तेथे हे कर्तव्य दोन रात्रींचे होते. आपला सगळा प्रश्न या एक-दोन रात्रींपुरताच आहे. त्या रात्री ‘खाल्ले’ असे केव्हा म्हणावयाचे?

तोरामध्ये याचे उत्तर नाही. तेथे ‘खा’ एवढीच आज्ञा आहे. नुसता तुकडा जिभेला लावला तर ते खाणे होईल काय? यहुदी शास्त्रकारांनी येथे एक सर्वसाधारण नियम सांगितला : जेथे जेथे ‘खाणे’ हा शब्द येतो तेथे तेथे, निराळे काही सांगितले नसेल तर, जैतुनाच्या फळाएवढे खाणे असा अर्थ घ्यावा. हिब्रूत या मापाला ‘कझायित’ म्हणतात. निषिद्ध पदार्थ जैतुनाएवढा खाल्ला तर दोष पुरा घडतो, आणि विहित पदार्थ जैतुनाएवढा खाल्ला तर कर्तव्य पुरे होते.

फळाधान्यांवरून मापे घेण्याची ही रीत आपणा भारतीयांना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या सोनारांनी गुंजेच्या बीने सोने तोलले आणि कौटिल्याने आठ यवांचे एक अंगुळ सांगितले. यहुदी परंपरेतही जैतून, अंजीर, डाळिंब, खजूर, जवाचा दाणा आणि कोंबडीचे अंडे ही सर्व मापेच आहेत. देवाने दिलेल्या भूमीची स्तुती करताना अनुवादाच्या पुस्तकात सात पिकांची नावे येतात. ती नावे म्हणजे शास्त्रातील मापांची सूचीच होय, असे तल्मूदातील एक मत आहे. अशा मापाचा लाभ उघड आहे. नाणी राजागणिक बदलतात, बाजारातील वजने गावागणिक बदलतात; फळ मात्र गरिबाच्या परसातही असते आणि ते ओळखण्यासाठी विद्वानाची गरज लागत नाही.

तथापि सगळी फळे सारखी नसतात, ही अडचण त्या काळच्या पंडितांनाही ठाऊक होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात स्पष्ट केले आहे की जैतून मोठेही घ्यावयाचे नाही आणि लहानही नाही, मध्यम घ्यावयाचे. अंड्याविषयीही तोच नियम आहे, आणि तेथे एक मनोवेधक वाद नोंदलेला आहे. रब्बी यहुदा यांनी सुचविले की सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान अंडे आणून ती पाण्यात बुडवावीत आणि बाहेर सांडलेल्या पाण्याचे दोन समान भाग करावेत; म्हणजे मध्यम माप निघेल. रब्बी योसे यांनी त्यावर विचारले की सर्वांत मोठे कोणते आणि सर्वांत लहान कोणते हे मला सांगणार कोण? सर्व काही पाहणाऱ्याच्या अदमासावर अवलंबून आहे. प्रयोगाने नेमकेपणा साधू पाहणारी एक दृष्टी आणि सामान्य माणसाच्या नजरेवर विश्वास टाकणारी दुसरी दृष्टी, अशा दोन दृष्टी येथे समोरासमोर उभ्या आहेत. पुढील सगळ्या इतिहासात हाच वाद निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटतो.

जोपर्यंत यहुदी लोक जैतुनाच्या झाडांमध्ये राहत होते तोपर्यंत प्रश्नाला धार नव्हती. मध्ययुगात मात्र त्यांच्या विद्येची काही मोठी केंद्रे उत्तर फ्रान्स आणि जर्मनी या थंड प्रदेशांत होती. तेथे जैतून पिकत नाही. झाडच डोळ्यांसमोर नसल्यावर त्याच्या फळाचा आकार ग्रंथांतून शोधावा लागला. ‘तोसाफोत’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाष्यकारांनी तो कसा शोधला ते पाहण्यासारखे आहे. तल्मूदात एके ठिकाणी म्हटले आहे की माणसाच्या घशात एका वेळी दोन जैतुनांपेक्षा अधिक मावत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हटले आहे की घशात कोंबडीच्या अंड्यापेक्षा अधिक मावत नाही. ही दोन विधाने शेजारी ठेवली की दोन जैतून म्हणजे एक अंडे, म्हणून एक जैतून म्हणजे अर्धे अंडे, असा निष्कर्ष निघाला. तर्क निर्दोष दिसतो; परंतु ज्याने जैतून हातात घेतले आहे त्याला अर्ध्या अंड्याएवढे जैतून पाहून आश्चर्यच वाटेल.

याच काळात भूमध्य समुद्राच्या काठी जैतुनांच्या देशांत राहणाऱ्या मायमोनिदीज या थोर पंडिताच्या लेखनातून निराळे उत्तर निघते. जैतुनाचे अंड्याशी प्रमाण त्याने कोठे थेट सांगितलेले नाही. परंतु दोन जेवणांचे अन्न म्हणजे अठरा सुकी अंजिरे आणि तेवढेच अन्न म्हणजे सहा अंडी, असे तो एका प्रकरणात लिहितो. म्हणजे एक अंजीर अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके झाले. जैतून अंजिरापेक्षा लहान, हे तल्मूदात गृहीतच आहे. तेव्हा जैतून हे अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ठरते. येथे ‘कमी’ एवढेच कळते, किती कमी ते कळत नाही. पण अर्ध्या अंड्याचे मत मागे पडते.

पुढे सफेद नगरीतील योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा शास्त्रग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. सर्वमान्य झालेल्या या ग्रंथात जैतुनाच्या मापाविषयी अगदी त्रोटक नोंद आहे : काहींच्या मते ते सुमारे अर्ध्या अंड्याइतके असते. ‘काहींच्या मते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परंतु मापाच्या बाबतीत एकदा अंक लिहिला गेला की तो अंकच लक्षात राहतो, त्यामागील संकोच विसरला जातो.

अठराव्या शतकात या कथेला एक नवे वळण मिळाले. प्राग नगरीचे प्रमुख रब्बी यहेझ्केल लांडाऊ यांनी तल्मूदातील दोन मापे प्रत्यक्ष ताडून पाहिली. द्रवाचे एक माप तल्मूदात दोन प्रकारे मिळते : अंड्यांच्या हिशेबाने ते दीड अंडे भरते आणि अंगठ्याच्या रुंदीच्या हिशेबाने दोन अंगठे लांब, दोन अंगठे रुंद आणि दोन पूर्णांक सात दशांश अंगठे खोल अशा पात्राइतके भरते. दोन्ही हिशेब जुळावयास हवेत. लांडाऊ यांना ते जुळलेले दिसले नाहीत. अंगठ्याने मोजलेले माप अंड्याने मोजलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट भरले. तेव्हा एक तर माणसांचे अंगठे मोठे झाले असले पाहिजेत, नाहीतर कोंबड्यांची अंडी लहान झाली असली पाहिजेत. पिढ्या उत्तरोत्तर क्षीण होत जातात अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे अंगठे वाढले असतील हे त्यांना पटेना. म्हणून अंडीच निम्मी झाली आहेत, असा निर्णय त्यांनी दिला. त्याचा परिणाम असा झाला की प्राचीन अर्धे अंडे म्हणजे आजचे सबंध अंडे ठरले, आणि जैतुनाचा घास सबंध अंड्याएवढा झाला.

या दोन मतांना विसाव्या शतकात घन सेंटिमीटरांचे रूप मिळाले. जेरुसलेमचे रब्बी अव्राहाम हायिम नाए यांनी अंगठ्याची रुंदी दोन सेंटिमीटर धरली. बने ब्राक येथील ‘हाजोन ईश’ या ग्रंथनामाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम यशाया कारेलिट्झ यांच्या मतानुसार ती सुमारे २.४ सेंटिमीटर धरली जाते. अंतर केवळ चार मिलिमीटरांचे आहे. परंतु लांबीतील फरक घनफळात तीनदा गुणला जातो. वर सांगितलेल्या हिशेबाने एक अंडे ७.२ घन अंगठे भरते. अंगठा दोन सेंटिमीटर असेल तर अंडे ५७.६ घन सेंटिमीटरांचे येते, २.४ असेल तर ते जवळजवळ १०० घन सेंटिमीटरांचे येते. त्याच्या निम्मे करा : एका मते जैतून २९ घन सेंटिमीटरांच्या आसपास, दुसऱ्या मते ५०. चार मिलिमीटरांनी घास जवळजवळ दुप्पट होतो तो असा.

आणि खरे जैतून? आजचे मध्यम जैतून सुमारे तीन ते पाच घन सेंटिमीटरांचे असते. प्राचीन जैतुने कदाचित प्रचंड असतील अशी शंका कोणी घेईल. परंतु जैतुनाची झाडे शतकानुशतके जगतात आणि जुन्या झाडांनाही आज ज्ञात असलेल्या आकाराचीच फळे येतात. शिवाय उत्खननांत सापडलेल्या प्राचीन आठळ्या आजच्या आठळ्यांहून फारशा निराळ्या नाहीत. म्हणजे कडक मताचा घास हा प्रत्यक्ष फळाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक आहे.

आता त्या रात्रीच्या पंगतीकडे वळू. ‘सेदेर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विधिपूर्वक भोजनात मात्झा एकदाच खावयाची नसते. आशीर्वाद म्हटल्यावर पहिल्यांदा एक सबंध आणि एक मोडलेली अशा दोन भाकरींतून जैतुनाएवढे दोन तुकडे खाण्याची रीत आहे. मग प्राचीन पंडित हिल्लेल यांच्या स्मरणार्थ कडू भाजीसह आणखी एक तुकडा. आणि जेवणाच्या शेवटी, मध्यरात्रीपूर्वी, ‘अफिकोमान’ म्हणून आणखी एक. काही जण तेथेही दोन खातात. म्हणजे एकंदर चार-पाच घास. खऱ्या जैतुनाच्या मापाने हे सर्व मिळून वीस-पंचवीस घन सेंटिमीटरांच्या आत आटोपते. कडक मापाने ते दोनशे ते अडीचशे घन सेंटिमीटरांवर जाते.

त्यातच वेळेचेही बंधन आहे. जैतुनाएवढे अन्न फार रेंगाळत खाल्ले तर ते एक खाणे गणले जात नाही. अर्धी पाव-भाकर सावकाश खाण्यास जितका वेळ लागेल तितक्या वेळात ते संपले पाहिजे. हा वेळ कोणी दोन मिनिटे मानतात, कोणी नऊ. चार मिनिटांचे मत पुष्कळ प्रचलित आहे. कोरडी, कडक, मीठ-तेलाशिवायची भाकर चार मिनिटांत अंड्याएवढी चावून गिळणे तरुणालाही सोपे नाही. दात गेलेल्या वृद्धाची, घशाच्या विकाराने त्रस्त झालेल्या रुग्णाची किंवा लहान मुलाची काय अवस्था होत असेल याची आपण कल्पना करावी. मग भीती अशी उत्पन्न होते की मुक्तीचा आनंद साजरा करावयाची रात्र ही मापाची चिंता करण्याची रात्र व्हावी.

शास्त्रकारांना या पेचाची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. ‘मिश्ना बरुरा’ या ग्रंथाचे कर्ते रब्बी यिस्राएल मेयिर कागान यांनी एक तारतम्य घालून दिले : जे कर्तव्य साक्षात तोरामधून आले आहे तेथे मोठ्या मापाची काळजी घ्यावी, आणि जे पुढील पंडितांनी लावून दिले आहे तेथे लहान माप पुरेसे मानावे. म्हणजे मात्झाचा पहिला घास मोठा. कडू भाजीचा लहान. जो वृद्ध किंवा आजारी माणूस कोरडी भाकर चावू शकत नाही त्याने ती पाण्यात भिजवून, पण विरघळू न देता, खावी अशीही सवलत आहे. गव्हाचे अन्न ज्यांना बाधते त्यांच्यासाठी ओटची मात्झा करण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. प्राचीन ग्रंथातील पाचवे धान्य ओटच काय, याविषयी मात्र वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

आणि या सर्वांच्या वर एक नियम आहे. जीव वाचविणे हे जवळजवळ प्रत्येक आज्ञेपेक्षा श्रेष्ठ आहे. ज्याच्या प्राणाला मात्झा खाल्ल्याने धोका आहे, त्याने ती खाऊ नये. न खाणे हेच त्याचे धर्मपालन. या नियमाची सर्वांत कठोर कसोटी १९४४ साली बेर्गेन-बेल्सेन येथील नात्सी छळछावणीत लागली. तेथे मात्झा नव्हती. जी काही भाकर मिळे ती खमिराची होती, आणि ती सोडणे म्हणजे उपासमारीने मरणे. छावणीत बंदी असलेल्या डच रब्बींनी वल्हांडणात ती खमिराची भाकर खाण्याची अनुज्ञा दिली आणि खाण्यापूर्वी म्हणण्यासाठी एक लहानशी प्रार्थना रचली. जगा, कारण जगणे ही देखील आज्ञाच आहे, असा तिचा आशय आहे. घन सेंटिमीटरांचा वाद घालणारे आणि हा निर्णय देणारे शास्त्र एकच आहे, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या देशाचाही या विषयाशी संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिला, तरी वसंतातील हा सण त्याने सर्वस्वी सोडला नाही. ‘अनशी धाकाचा सण’ असे त्याचे त्यांच्यातील जुने नाव होते. आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण असा त्याचा अर्थ. ग्रंथ नव्हते, माप नव्हते. पण आंबलेले काही दृष्टीआड करावयाचे, एवढी स्मृती मात्र टिकून राहिली. पुढे कोचीनच्या आणि इतर ठिकाणच्या यहुद्यांशी संपर्क वाढला, आणि १८७४ मध्ये पुण्यात सेदेरचा पोथीपाठ मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापला गेला. त्यातील मात्झा करण्याच्या चित्रात भारतीय पेहरावातील स्त्रिया पीठ मळताना व भाकरी लाटताना दिसतात. प्रागच्या रब्बींचा हिशेब त्या स्त्रियांना ठाऊक असो वा नसो, त्यांच्या हातची भाकर ही त्याच आज्ञेचे पालन होती.

आता शेवटचा प्रश्न. ज्या अर्थी खरे जैतून लहान आहे असे दिसते, त्या अर्थी मोठी मापे टाकून द्यावीत काय? काही आधुनिक अभ्यासक आणि रब्बी तसे म्हणतात. त्यांच्या मते मिश्नाने माप पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपविले होते; ते नजरेलाच परत द्यावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की शास्त्र हे झाडाला विचारून ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी जे माप श्रद्धेने स्वीकारले, त्यालाही स्वतःचे एक प्रामाण्य आले आहे; आणि आपल्या पूर्वजांनी कर्तव्य नीट केलेच नाही, किंवा ते अकारण कष्टले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला सहजी घेता येणार नाही. आपल्याकडील धर्मशास्त्राच्या निबंधकारांमध्येही वचन आणि आचार यांचा असाच संघर्ष आढळतो.

मला वाटते, दोन्ही पक्षांच्या मुळाशी एकच भीती आहे : आज्ञा अपुरी राहू नये. एकाला भीती वाटते की घास लहान पडेल. दुसऱ्याला भीती वाटते की घासाच्या ओझ्याखाली त्याचा अर्थ हरवेल. जो सशक्त आहे त्याने स्वतःसाठी मोठे माप घ्यावे, यात काही बिघडत नाही. परंतु तेच माप जेव्हा वृद्ध आईच्या किंवा आजारी पाहुण्याच्या ताटात वाढले जाते, तेव्हा मापाचा मूळ हेतू आठवणे आवश्यक होते. फळ हे माप म्हणून निवडले गेले ते ते सर्वांच्या हाताला लागावे म्हणून. दास्यातून सुटलेल्या लोकांच्या सणात सर्वांत दुर्बळ माणसालाही आपला वाटा उचलता आला पाहिजे. आणि जैतुनाएवढा घास तो उचलू शकतो.